गिलावा वाळेपर्यंत

चिठ्ठी चार बोटांएवढी होती, पण ती वाचताना तिने चष्मा दोनदा पुसला. रंगमंच सांभाळणारी मुलगी जाता जाता हातात कोंबून गेली होती. ‘तिसरा अंक, भिंतीची जागा. आजपासून खालून शब्द द्यायचा नाही. नाना स्वतः सुरू करतील.’ खाली दिग्दर्शकाची सही, म्हणजे एक रेघ आणि तिला फुटलेलं शेपूट. अडतीस वर्षांत तिला नाही नाही त्या चिठ्ठ्या आल्या होत्या. अमुक ओळ गाळली आहे. नव्या बाईंचा श्वास पुरत नाही, शब्द जरा आधी द्या. राजाला पडसं झालंय, सांभाळून घ्या. पण शब्द देऊच नका अशी चिठ्ठी ही पहिलीच. तिने ती घडी घालून पर्समध्ये ठेवली, मग परत काढून वाचली. मजकूर तोच होता. जिन्यावरून वादकांचा घोळका खिदळत खाली गेला. त्यातल्या एकाने “ताई, बरं नाही का?” म्हणून विचारलं आणि ती म्हणाली, “मला काय धाड भरलीय!” सव्वादोन वाजले होते. प्रयोग चारला होता.

ती प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, एक चौकोनी खड्डा असतो; त्यावर प्रेक्षकांच्या बाजूने लाकडी टोपण, म्हणजे प्रेक्षकांना नुसतं काळं कुबड दिसावं आणि गाणाऱ्यांना आत बसलेल्या माणसाचं तोंड. त्या तोंडाचं काम एवढंच, की प्रत्येक ओळ सुरू व्हायच्या अर्धी मात्रा आधी तिचा पहिला शब्द वर सोडायचा. धड कुजबुज नाही आणि धड बोलणं नाही असा एक आवाज असतो, तो कमवायला तिला सहा वर्षं लागली. गाणाऱ्याला तो ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेला नाही. प्रेक्षकांना ऐकू आला तो प्रॉम्प्टर मेला, असं तिला शिकवणारे गृहस्थ म्हणायचे, आणि ते स्वतः तसे एकदा मेले होते म्हणे, ऐन प्रेमप्रवेशात शिंकून. खड्ड्यातून माणसं पायांवरून ओळखू येतात. कोण घाबरलंय, कोणाचा बूट चावतोय, कोण दोन पेले चढवून आलंय, सगळं पायांत दिसतं. अंगावर गाणाऱ्यांची थुंकी उडते, नाकात धूळ आणि खोट्या दाढ्यांचा डिंक जातो, पाठीचा काटा ढिला होतो. तरी त्या बिळात तिला जेवढं निर्धास्त वाटायचं तेवढं स्वतःच्या अंथरुणातही वाटत नसे. तिथे पुढे काय होणार हे तिच्या पुढ्यात लिहून ठेवलेलं असायचं.

सध्याची संगीतिका एका चित्रकाराची होती. पाचशे वर्षांपूर्वीचा चित्रकार. ज्या काळात माणसं मोठमोठे घुमट उभारत होती आणि स्नायू कसे असतात ते बघायला प्रेतं फाडत होती, त्या काळातला. सरदार त्याला दिवाणखान्याची भिंत रंगवायला देतो. भिंतीवर ओला गिलावा चढवायचा आणि तो वाळायच्या आत रंग लावायचा; ओल्यात लावलेला रंग भिंतीत मुरतो आणि शतकानुशतकं राहतो, वाळल्यावर लावलेला पोपडे होऊन पडतो. वाळला तर सगळा खरवडून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या अंकात चित्रकार हजार रेखाटनं करतो. दुसऱ्यात ती जाळतो, शिष्य सोडून जातात, सरदार वैतागतो. तिसऱ्या अंकात गवंडी भिंत लिंपून देतो आणि चित्रकार कुंचला घेऊन तिच्यापुढे उभा राहतो. उभाच राहतो. वाद्यं थांबतात. एका बाजूला तिरक्या लावलेल्या पडद्यावरचा काळपट, ओला रंग दिव्यांच्या करामतीने हळूहळू पांढरा पडत जातो. संगीतकाराने तिथे आठ मात्रांची स्तब्धता लिहिली होती, फार तर वीस सेकंदांची. मग चित्रकार गवंड्याला सांगतो, “भिंत वाळली. उद्या पुन्हा लिंपा.” तिथून शेवटचं मोठं गाणं सुरू होतं.

चित्रकार होता नाना, तिचा धाकटा भाऊ. चार वर्षांचा असताना कमरेवर हात ठेवून म्हातारबुवासारखा उभा राहायचा म्हणून वडिलांनी त्याला नाना म्हणायला सुरुवात केली. आता त्रेसष्टाव्या वर्षी तो खराच नाना झाला तरी उभा तसाच राहायचा. तो तिला ताई म्हणायचा म्हणून अख्खं नाट्यगृह तिला ताई म्हणायचं, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला दारवानसुद्धा. तिला कोणतीही गोष्ट एकदा ऐकली की पाठ व्हायची, आणि त्याला दहादा घोकून व्हायची नाही. पण त्याने तोंड उघडलं की रस्त्यावरून जाणारी माणसं खिडकीखाली थांबायची, आणि तिने उघडलं तर वडील म्हणायचे, दार करकरतंय, तेल घाला कोणीतरी. तो न्हाणीघरात अंघोळ करायचा तेव्हा ती दाराबाहेर बसून त्याचे धडे मोठ्याने वाचायची. शाळेत कवितेच्या दिवशी ती वर्गाच्या खिडकीशी उभी राहून ओठ हलवायची, आणि बक्षीस त्याला मिळायचं. आई म्हणायची, तुम्हा दोघांत मिळून एक पूर्ण माणूस झालाय, भांडू नका. ती भांडली नाही. कधीकधी वाटायचं, भांडायला पाहिजे होतं. निदान भांडण तरी तिच्या एकटीचं झालं असतं.

रंगभूषेच्या खोलीत नाना आरशासमोर मान मागे टाकून बसला होता आणि रंगभूषाकार त्याच्या हनुवटीला दाढी चिकटवत होता. ती दारातच उभी राहिली. “नाना, ही चिठ्ठी बघितलीस?”

“बघायची कशाला? मीच सांगितलं त्यांना.” दाढी हलेल म्हणून तो ओठ न हलवता बोलत होता. “त्या जागी तुझा शब्द पहिल्या रांगेत ऐकू जातो म्हणे. सगळा हॉल गार पडलेला असतो, त्यात ते ‘भिंत’ असं फुसकन येतं. कुणीतरी लेखी तक्रार केलीय.”

“अडतीस वर्षांत कोणाला ऐकू गेला नाही तो.”

“अडतीस वर्षांत कोणी एवढा वेळ गप्पही बसलं नव्हतं.”

“आणि तुला सुचलं नाही तर?”

“चित्रकाराला तरी कुठं सुचतंय?” तो म्हणाला आणि रंगभूषाकार खो खो हसला, मग “हसवू नका हो, वाकडी लागेल” म्हणाला. नानाने आरशातून तिच्याकडे बघितलं. “ताई, त्या जागी मला जरा एकट्याला राहू दे.” अगदी साध्या आवाजात म्हणाला. एकट्याला म्हणजे कोणाला, असं तिच्या तोंडावर आलं होतं. गेल्या दोन वर्षांत एकटा नाना म्हणून काही उरलं होतं का? पण रंगभूषाकारापुढे हे बोलायचं नव्हतं. कोणापुढेच बोलायचं नव्हतं. तेच तर तिने दोन वर्षं सांभाळलं होतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते घराच्या दाराशी. वहिनी गेल्यापासून ती त्याच्याकडेच राहायला आली होती. एकदा ती बाजारातून आली तर नाना किल्ली हातात घेऊन दारापुढे उभा. म्हणाला, “ही कसली आहे गं?” तिला वाटलं थट्टा करतोय. मग तालमींत तो ओळींच्या सुरुवाती हरवायला लागला. मोठा गायक आहे, थकला असेल, म्हणून लोक मान डोलवायचे. ती पहिल्या शब्दाऐवजी पहिले दोन द्यायला लागली. मग अर्धी ओळ. या वर्षी तर ती प्रयोगभर अख्खी संगीतिका त्याच्या अर्धी मात्रा पुढे राहून पुटपुटत होती, आणि तो तिच्या तोंडाकडे बघून गात होता. आवाज होता तसाच होता; वयाने जरा धुरकट झालेला, पण तोच. कोणाला पत्ता लागला नाही. आणि खरं सांगायचं तर, ते तिने स्वतःला बऱ्याच उशिरा सांगितलं, पण खरं सांगायचं तर तिला त्यात सुख वाटत होतं. रात्री अंगावर पांघरूण ओढताना तिला वाटायचं, आज ते गाणं मी गायले. गळा त्याचा, पण मी गायले. आणि मग स्वतःची एवढी शरम वाटायची की उशी तोंडावर घेऊन पडावं.

डॉक्टरांकडे तिने त्याला नेलं नाही असं नाही. लांबच्या वस्तीतले डॉक्टर गाठले, जिथे कोणी त्याला ओळखणार नाही. त्यांनी तीन शब्द सांगितले, किल्ली, होडी, लिंबू. मग पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि म्हणाले, “आता सांगा बघू ते शब्द.” नाना गप्प. ती डॉक्टरांच्या पाठीमागे खिडकीशी उभी होती. तिने मुद्दाम केलं नाही. शपथेवर सांगायची पाळी आली तर ती शपथेवर सांगेल. समोर शब्द अडला आणि तिचे ओठ हलले, बस्स. नानाची नजर रंगमंचावरून खाली यायची त्याच सवयीने डॉक्टरांच्या खांद्यावरून तिच्या तोंडावर आली. किल्ली. होडी. लिंबू. मग आजचा वार, मग महिना, मग शंभरातून सात वजा करत जायचं तेही. “वा!” डॉक्टर म्हणाले, “माझ्याहून तल्लख आहात तुम्ही. काही झालेलं नाही. थोडी झोप वाढवा.” लिफ्टमधून उतरताना नाना म्हणाला, “उगाच आणलंस की नाही?” आणि ती दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. परत वर जाऊन सांगायला हवं होतं. उद्या फोन करू, मनाशी म्हणाली. त्या उद्याला आता चार महिने झाले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं कोणी ‘नाना काय सुंदर पाठ करतात हो’ म्हटलं तरी ती घाईने दुसरा विषय काढायची.

आणि मग पहिल्या प्रयोगाला ती जागा आली. तीन आठवड्यांपूर्वी, अशाच एका रविवारी दुपारी. गवंडी भिंत लिंपून बाजूला झाला, वाद्यं थांबली, नाना कुंचला घेऊन उभा राहिला. आठ मात्रा झाल्या. वाद्यवृंदाच्या संचालकाने काठी उचलली. ती शब्द द्यायची राहिली. अडतीस वर्षांत एकदाही न झालेली गोष्ट झाली. ती आपलं काम विसरून वर बघत बसली होती, तिकीट काढून आलेल्या बाईसारखी. कारण नाना जे करत होता तसं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. तो चांगला गायक होता पण नट सुमार होता, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. दुःख झालं की हात छातीवर, आनंद झाला की हात लांब, राग आला की पाठ. आणि त्या दिवशी तो काहीच करत नव्हता. हात लोंबत होते. तोंड किंचित उघडं होतं. समोरच्या भिंतीवर त्याला काहीतरी दिसायचं होतं आणि ते दिसत नव्हतं, आणि ते न दिसणं त्याच्या खांद्यांतून, गुडघ्यांतून खाली उतरत होतं. हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. तिचे डोळे भरून आले. आणि मग त्याने मान वळवली आणि खाली तिच्याकडे बघितलं, आणि तिला कळलं. तो अभिनय नव्हता. त्याच्या डोक्यात काही नव्हतं. आपण कुठे आहोत, समोर कोण बसलंय, हातात हे काय आहे, काही नाही. ते डोळे आजही तिला भांडी घासताना दिसायचे. तिने घाईघाईने शब्द सोडला, “भिंत,” आणि तो जणू पाण्यातून वर आला आणि गायला लागला. भिंत त्याच्या समोर उभी होती, वीस फूट उंच, आणि तरी त्याला तो शब्द सापडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गाण्याबद्दल दोन ओळी आणि स्तब्धतेबद्दल दोन रकाने. ‘निर्मितीच्या वांझ क्षणाचं असं दर्शन आपल्या रंगभूमीने पाहिलं नव्हतं.’ नानाने ते कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवलं. दिग्दर्शकाने संचालकाला सांगितलं, मोजायचं नाही, भिंत पूर्ण पांढरी होईपर्यंत थांबायचं. पुढच्या प्रयोगाला स्तब्धता मिनिटभर झाली, मग सव्वा मिनिट. लोक केवळ त्यासाठी यायला लागले. आणि दर वेळी ती खाली बसून बघायची, की एक माणूस हजार लोकांदेखत स्वतःला हरवतोय, आणि भिंत पांढरी झाली की त्याला शब्दाने ओढून वर काढायची. चाळीस वर्षं घासून जे जमलं नाही ते विसरल्यावर जमलं, याला काय म्हणायचं? वरच्याचा विनोद म्हणायचा तर हसू येत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे ती त्या जागेची वाट बघायला लागली होती. पहिला अंक सुरू झाला की तिला वाटायचं, अजून दीड तास.

आणि आज शब्द द्यायचा नव्हता. म्हणजे तो हरवणार, आणि त्याला काढायला कोणी नाही. सव्वा मिनिट, दोन मिनिटं, तीन. मग कोणीतरी हसेल, मग पडदा. हे दिग्दर्शकाला सांगायला हवं होतं. सांगितलं की नानाची भूमिका गेली. आणि भूमिका गेली की राहील काय? घरात तो दिवसभर खुर्चीत बसायचा, कोणत्याही वस्तूकडे ही कसली म्हणून बघत. इथे पोशाख चढवला की निदान पाय तरी ओळखीचे पडायचे. नाही सांगितलं तर आज सगळ्या गावादेखत त्याची शोभा होणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधली जागा चार बोटांची, त्या चिठ्ठीएवढी. तीन वाजून दहा मिनिटांनी तिने दिग्दर्शकाच्या खोलीचं दार ढकललं.

तो बिस्किटं खात होता. पस्तिशीचा, हसरा, माणूस वाईट नव्हता. “या ताई! रागावलात ना? मला माहीत होतं तुम्ही रागावणार. अहो, तुमच्यावर अविश्वास नाही हा.”

“माझं सोडा. नानाला त्या जागी शब्द लागतो.”

“लागत नाही हो. ते स्वतः म्हणाले.” त्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. “मला एक सांगा, तुम्ही घरी बघता त्यांना. कसं करतात ते हे? मी नटांना वर्षानुवर्षं सांगत आलोय, काही करू नका, नुसते उभे राहा. एकाला जमत नाही.”

“ते करत नाहीत,” ती म्हणाली. “तो काही करत नाही तिथे.”

“अगदी!” दिग्दर्शकाने टेबलावर थाप मारली. “करत नाहीत, होऊ देतात! हेच मी परवा मुलाखतीत म्हटलं.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा थांबला. “काही सांगायचंय का ताई?”

आता. आता म्हणायचं, की माझ्या भावाला काही आठवत नाही, दोन वर्षं मी त्याच्या तोंडात शब्द घालतेय, आणि तुम्ही ज्याला कला म्हणता तो आजार आहे. वाक्य तयार होतं. अर्धी मात्रा आधी पहिला शब्द द्यायचा, ‘माझ्या’. तिने तोंड उघडलं. तिला स्वतःला शब्द द्यायला खाली कोणी बसलं नव्हतं. “नाही,” ती म्हणाली, “बिस्किटं बरी आहेत.” आणि एक उचलून बाहेर आली. बाहेर आल्यावर ते बिस्किट तिने खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली.

पहिले दोन अंक सुरळीत गेले. ती अर्धी मात्रा पुढे, तो मागे. एक-दोनदा तिला वाटलं, आज तो तिच्या तोंडाकडे कमी बघतोय. एका ओळीला तर तिच्या शब्दाआधीच त्याने सुरुवात केली आणि ती दचकली. पण असं अधूनमधून व्हायचं. विझायच्या आधी दिवाही मोठा होतो. मध्यंतरात ती खड्ड्यातून बाहेर आली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली. डोक्यावर माणसं सामान सरकवत होती, कोणाच्या तरी हातून बादली सांडली आणि पाण्याचे चार थेंब संहितेच्या पानावर पडले. तिने ते बोटाने टिपले. ‘भिंत वाळली’ या ओळीखाली तिने पूर्वी कधीतरी तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या.

तिसरा अंक. गवंड्याचे जाडजूड बूट आले, भिंत लिंपून गेले. वाद्यं थांबली. नानाचे पाय मधोमध आले आणि थांबले. तिने वर बघितलं. लोंबणारे हात, किंचित उघडं तोंड. भिंत काळपट होती. कडेकडेने उजळायला लागली. हॉल असा गप्प झाला, की तिला स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू यायला लागलं. तिने मोजायला सुरुवात केली, आणि तिला आठवलं की मोजायचं नाही, आणि तरी ती मोजत राहिली. चाळीस. भिंत अर्धी पांढरी. साठ. सत्तर. भिंत पूर्ण पांढरी झाली, हाडासारखी. संचालकाची काठी हवेत तयार होती आणि हलत नव्हती. काठी नानाची वाट बघत होती. ऐंशी. नव्वद. नानाने मान वळवली आणि खाली बघितलं. तेच डोळे. पहिल्या दिवसाचेच, तेवढेच रिकामे, भिंतीसारखे कोरडे. त्यांत ती नव्हती. शंभर. कोणीतरी खुर्चीत हललं. एकशेदहा. चिठ्ठी आपणच लिहायला लावली हे त्याला आता आठवतंय का? आपण एकट्याला राहू दे म्हणालो हे आठवतंय का? ज्याने सांगितलं तो माणूसच जर आता जागेवर नसेल, तर त्याचं सांगणं पाळायचं कोणासाठी? तिचे ओठ हलले. “भिंत.” तो ढिम्म. जरा मोठ्याने, “भिंत.” त्याची पापणी लवली, पण तोंड हललं नाही. आणि मग तिच्या आत काहीतरी तुटलं, दया म्हणा, भीती म्हणा, की वर एक क्षण आपल्यावाचून चाललाय हे न सोसणं म्हणा, आणि ती उभी राहिल्यासारखी ताठ झाली आणि तिच्या त्या करकरत्या आवाजात, हजार माणसांच्या शांततेत, स्वच्छ, खणखणीत म्हणाली, “भिंत वाळली. उद्या पुन्हा लिंपा.”

क्षणभर काहीच झालं नाही. मग बाल्कनीत कोणीतरी खुदकन हसलं. मग खाली. मग हसू नका, हसू नका असे आवाज, आणि त्या आवाजांवर आणखी हसू. संचालकाने घाबरून काठी खाली आणली आणि व्हायोलिनं अर्धी तयार अर्धी बेसावध अशी घुसली. नाना अजून तिच्याकडे बघत होता. पण डोळे आता रिकामे नव्हते. आता त्यांत ती होती, स्पष्ट, जशी लहानपणी त्याचं काहीतरी तिने मोडल्यावर असायची. मग तो वळला आणि गायला. शेवटचं गाणं पूर्ण गायला. पण हॉल उठला होता, आणि उठलेला हॉल पुन्हा बसत नाही.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, “ताई, आम्हाला आधी सांगायचं होतंत.” रंगमंच सांभाळणारी मुलगी रडत होती. कोणाला काही समजावून द्यावं लागलं नाही. बहिणीने ओळ ओरडून दिली म्हणजे भावाला ती आठवत नव्हती, हे लहान पोरालाही कळलं असतं. पुढच्या रविवारपासून दुसरा गायक, तयारच होता तो. नानांना विश्रांती. चांगल्यातलं चांगलं उपचाराचं बघू. सगळे इतके मऊ बोलत होते, की मयताला आलेली माणसं बोलतात तसं तिला वाटलं. सांगावं सांगावं म्हणत दोन वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते एका ओळीत सगळ्या गावाला सांगून झालं होतं.

नाना पोशाखातच बसला होता. रंगभूषाकार बाहेर गेला होता, किंवा त्याला बाहेर जायला सांगितलं होतं. तिने त्याच्या गळ्याची बटणं सोडायला घेतली.

“आज मला आठवत होतं, ताई,” तो म्हणाला.

तिने दुसरं बटण सोडलं. “बरं.”

“बरं नाही. आठवत होतं. ओळ, तिच्या पुढची, सगळं. पहिल्या दिवशी मी खरंच बुडालो होतो. त्यानंतर तू सकाळी दूध आणायला गेलीस की मी आरशापुढे उभा राहायचो. बुडालो तेव्हा तोंड कसं झालं असेल, डोळे कसे झाले असतील, हात कुठे होते. रोज. आज पहिल्यांदा मुद्दाम केलं. शेवटपर्यंत पोचलो होतो मी. आणखी दहा मोजणार होतो आणि गाणार होतो.” तो ओरडत नव्हता. “आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं गं. गाणं सोडून.”

तिला म्हणायचं होतं, तू हे आत्ता रचतोयस. तिला म्हणायचं होतं, ते डोळे कोणी आरशात शिकू शकत नाही. तिला म्हणायचं होतं, खरं असेल तर मला मारून टाक. आणि यांतलं कोणतं खरं ते तिला कळणार नव्हतं, आता नाही, कधीच नाही; कारण पुढचा रविवार येणार नव्हता, आणि त्याला विचारावं तर उद्या सकाळी त्याला हे सगळं आठवेल याचाही भरवसा नव्हता. ती स्टुलावर बसली. “असेल,” ती म्हणाली.

“असेल काय? थांब.” तो उठला, कमरेवर एक हात ठेवला, दुसऱ्याने अर्धी सुटलेली दाढी ओढून टाकली आणि सुरू झाला. भिंत वाळली. उद्या पुन्हा लिंपा. तिथून पुढे शेवटचं गाणं, सगळी कडवी, मधल्या वाद्यांच्या जागा बोटांनी टेबलावर मोजत, कुठे न अडखळता, हळू आवाजात, खिडकीबाहेर अजून उजेड होता त्या उजेडाकडे तोंड करून. बाहेर बोळात चालणारी पावलं थांबली. त्याने तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. प्रत्येक ओळीच्या अर्धी मात्रा आधी तिचे ओठ हलायला लागायचे, आणि तो शब्द बाहेर पडू नये म्हणून ती दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरून बसली होती.